कुणाच्याही हातचं

"नाही गो. काहीच लागत नाही बोटाला," सासूबाईंनी शिरूच्या तोंडातून बोट काढलं आणि पदराला पुसलं.

रोज सकाळी त्याची अंघोळ झाली, धुरी देऊन झाली की त्या त्याला मांडीवर आडवा घ्यायच्या आणि खालची हिरडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून बघायच्या. शिरूला तो खेळ वाटायचा. तो लाळ गाळत हसायचा, बोट चोखायला बघायचा. मग त्या मला हाक मारून सांगायच्या की दात नाही. मी कधी विचारलं नव्हतं तरी.

"दात आल्याशिवाय उष्टावण नाही. आमच्यात तसंच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "शालनला नवव्या महिन्यात उष्टावलं. काय वाईट झालं तिचं?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या शिरूचं झबलं उगाचच खाली ओढत बसल्या. मी भाकरी थापत होते, ती थापत राहिले.

शालन त्यांची मुलगी, माझी नणंद. शिरू तिचा.

आम्ही तेव्हा लांज्याला राहायचो. माझे यजमान विश्राम साळवी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. शालनला घाटावर दिली होती, आंबा घाट चढून गेलं की मलकापूर लागतं तिथे. तिचे यजमान दिनकरराव पंचायतीच्या कचेरीत कारकून होते. त्या वर्षी आम्हा दोघींना एकदमच दिवस राहिले. मी पहिलटकरीण म्हणून माझ्या माहेरी पालीला गेले आणि शालन बाळंतपणाला लांज्याला आली. मी पालीला निघाले तेव्हा ती मला म्हणाली होती, "वहिनी, तुला मुलगी आणि मला मुलगा झाला तर मी तुझी विहीण. आत्तापासूनच मान द्यायला शीक."

मला मुलगीच झाली. चांगली रडली, चांगली प्यायली, आणि पाचवी पुजायच्या आधीच गेली. का गेली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

माझ्या अंगातला बाळंतपणाचा ताप उतरतो न उतरतो तोच शालन बाळंत झाली. मुलगा झाला, पण तिचा रक्तस्राव थांबेना. जीप करून तिला रत्नागिरीला नेत होते. ती हातखंब्याच्या अलीकडेच गेली. ती जीप पालीवरूनच गेली असणार, आमच्या घरापुढच्याच रस्त्याने. मी आत खाटेवर पडून होते. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे मला न्यायला आले. माझी आई म्हणाली, "ओली बाळंतीण आहे जावईबापू, तिचंच मन अजून थाऱ्यावर नाही. आत्ता कशी पाठवू?" हे दारातच उभे होते. चप्पलसुद्धा काढली नव्हती. म्हणाले, "तिथे बाळ आहे. चमच्याने काही घेत नाही." मी उठले आणि लुगड्याची घडी पिशवीत घातली.

लांज्याच्या घरात माणसं बसलेली होती. सासूबाईंनी कोणाकडे न बघता मला आतल्या खोलीत नेलं, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. माझं दूध अजून आटलं नव्हतं. त्याने तोंड लावलं आणि मी भिंतीला डोकं टेकून इतकी रडले की बाहेरच्या बायकांना वाटलं, मी शालनसाठी रडतेय. शालनसाठीही रडत होते मी. सगळं एकदमच होतं ते.

तेरावं झालं. दिनकररावांच्या आईंना सगळे आक्का म्हणायचे. निघायच्या आधी त्या सगळ्यांसमोर बोलल्या. "एवढंसं पोर वरच्या दुधावर जगवायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. तुमच्या सुनेला देवाने दूध ठेवलंय. अंगावर पितोय तोवर इथे राहू दे. तोंडाला अन्न लागलं की आमचा आम्ही नेतो."

यात चुकीचं काही नव्हतं. नातू त्यांचा, घर त्यांचं, आडनाव त्यांचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा ते दिवस फार लांब वाटत होते.

म्हणून सासूबाई रोज हिरडी चाचपायच्या आणि म्हणून दात नाही म्हटल्यावर आमच्या घरात एक दिवस जास्तीचा मिळाल्यासारखं वाटायचं. मलाही वाटायचं.

दिनकरराव महिन्यातून एखाद्या रविवारी येत. घाट उतरून आलेली गाडी दुपारच्या आधी पोचायची. हातात कायम काहीतरी असायचं, कधी खुळखुळा, कधी शिरूला दोन वर्षांनी होईल असा स्वेटर. अबोल माणूस. ओटीवर बसायचे आणि मुलाला घ्यायला हात पुढे करायचे. शिरू पहिल्या पहिल्यांदा कोणाकडेही जायचा, पण पुढे माणसं ओळखायला लागला तसा त्यांच्याकडे गेला की भोकाड पसरायचा आणि माझ्याकडे झेपावायचा. ते लगेच परत द्यायचे. "राहू दे वहिनी, राहू दे," म्हणायचे आणि चष्मा काढून पुसायचे.

अशाच एका रविवारी हे त्यांना सोडायला स्टँडवर निघाले होते, सायकल काढत होते. तेवढ्या वेळात दिनकरराव मागच्या पडवीत आले. मी शिरूची दुपटी वाळत घालत होते. ते माझ्याशी चार वाक्यं बोलले. मी "बरं" म्हटलं. ती वाक्यं मी घरात कोणाला सांगितली नाहीत.

त्यानंतर लवकरच लस टोचायचा दिवस आला. सासूबाई आणि मी शिरूला घेऊन दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी त्याला झोळीत घालून काटा बघितला, काढला, पुन्हा घातला.

"मागच्या वेळी होतं तेवढंच वजन आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले ना याला? काय खायला देता?"

"अंगावरच पितो," मी म्हटलं.

"ते आता पुरत नाही त्याला. पाजायचं ते पाजा, पण जोडीला वरचं सुरू करा. नाचणीचं सत्त्व द्या, गुरगुट्या भात द्या, डाळीचं पाणी द्या. कशाची वाट बघताय?"

"दाताची," सासूबाई म्हणाल्या.

नर्सबाई हसल्या. "आजी, सत्त्व काय चावून खायचंय त्याला?"

घरी येताना सासूबाई माझ्यापुढे चार पावलं चालत होत्या. शिरू टोचल्यामुळे किरकिरत होता. त्याला मी वाटेत झाडाखाली बसून पाजलं. तो प्यायचा, तोंड काढायचा, रडायचा, परत लावायचा. माझ्या छातीत पहिल्यासारखं भरून येत नव्हतं. ते मला नर्सबाईंनी सांगायच्या आधीपासून कळत होतं.

सासूबाईंनाही कळत असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी अळिवाचे लाडू केले. नारळ खवून, गूळ घालून. रोज सकाळी एक लाडू आणि पेलाभर दूध माझ्यापुढे ठेवायच्या आणि संपेपर्यंत समोर बसून राहायच्या. "खा. म्हणजे उतरेल," म्हणायच्या. माझ्या बाळंतपणातही माझ्याकडे कोणी एवढं बघितलं नसेल. शिरूचं पोट भरावं म्हणून त्या मला भरवत होत्या, म्हणजे शिरूला दुसरं काही भरवायला नको.

आणि मग एका दुपारी पिता पिता शिरू मला चावला.

हिरडीचा चावा मला माहीत होता. हा तसा नव्हता. मी त्याला बाजूला घेतलं आणि त्याचा खालचा ओठ दाबून बघितलं. तांदळाच्या कणीएवढं पांढरं वर आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाली, धुरी झाली. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, बोट तोंडात घातलं. मी चुलीपाशी बसून बघत होते. त्यांचं बोट हिरडीवरून फिरत आलं आणि मधोमध थांबलं. थांबलं ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं.

"नाही गो," त्या म्हणाल्या. "अजून काही नाही."

त्यांनी वर बघितलं, मी त्यांच्याकडे बघतच होते. त्यांनी नजर वळवली नाही. मीही वळवली नाही. मग त्यांनी लाडवाचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी काय बोलणार होते? त्यांची एकुलती एक लेक गेली होती आणि तिच्या रंगाचं, तिच्या भुवयांचं हे एवढंच घरात उरलं होतं. आणि माझ्या मांडीवर तरी दुसरं कोण होतं?

पण त्याच आठवड्यात एकदा हे जेवायला बसले होते. शिरू माझ्या कडेवर. ह्यांनी वरणभाताचा घास उचलला की शिरू तोंड उघडायचा. घास ह्यांच्या तोंडात गेला की शिरू तोंड मिटायचा आणि गिळल्यासारखं करायचा. पुन्हा घास, पुन्हा तोंड उघडं. रडत नव्हता, हट्ट करत नव्हता. आपलीही पाळी येणार आहे असं समजून अगदी शहाण्यासारखा वाट बघत होता. ह्यांच्या ते लक्षात आलं. ह्यांनी ताट उचललं आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मी आत गेले आणि नाचणी निवडून भिजत घातली.

नाचणीला मोड आणायचे तर ती फडक्यात घट्ट बांधून टांगायची. मी ती खुंटीला टांगली ती सगळ्यांना दिसेल अशीच टांगली. सासूबाईंनी बघितलं. विचारलं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून आले तर फडकं दोरीवर धुऊन वाळत घातलेलं आणि मागच्या अंगणात कोंबड्या नाचणीचे दाणे टिपत होत्या.

मी घागर ठेवली आणि पुन्हा नाचणी भिजत घातली.

संध्याकाळी हे कामावरून आले. हातपाय धुऊन चहाला बसले तेव्हा मी म्हटलं, "येत्या गुरुवारी सुट्टी काढा. शिरूचं उष्टावण करायचं. मामा म्हणून पहिला घास तुम्हीच द्यायचा."

ह्यांनी बशी खाली ठेवली. "आईला विचारलंस?"

"मला काय विचारायचंय?" सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. "तिने सगळं ठरवलंच आहे. मला विचारून नाचणी भिजवली?"

"आई, त्याला भूक लागते," मी म्हटलं.

"मला कळत नाही भूक? दोन पोरं वाढवली मी. दात येऊ दे, मग बघू."

"दात आलाय."

हे एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"आलाय तर आलाय," सासूबाई म्हणाल्या. "आणखी चार येऊ देत. तुला कसली घाई झालीय? घास दिला की दुसऱ्या दिवशी घाटावरून गाडी येईल, माहीत आहे ना तुला? का तुला तेच पाहिजे? रात्रंदिवस पाजून कंटाळलीस? तुझ्या पोटचा असता तर केली असतीस एवढी घाई?"

"आई!" हे एकदम उभे राहिले. "काय बोलतेस तू?"

मला राग आला नाही. मला वाटलं होतं, येईल. मी शिरूला खांद्यावर टाकलं, कारण आवाज चढलेले बघून त्याने ओठ काढला होता.

"दिनकरराव लग्न करतायत," मी म्हटलं.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. "कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मागे आले होते तेव्हा. पडवीत. कोल्हापूरकडची मुलगी आहे."

"वर्ष नाही झालं माझ्या लेकीला," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "मग तर मुळीच नाही देणार. सावत्र आईच्या हातात? मुळीच नाही. विश्राम, सांग त्यांना."

"आई, ऐका. त्या मुलीने लग्नाआधी त्यांना एकच सांगितलं. मूल माझ्याकडे आणायचं असेल तर लवकर आणा. चालायला बोलायला लागल्यावर आणलंत तर त्याला मी कायम परकीच वाटेन."

"ती तुझी कोण लागते?"

"कोणी नाही. मी तिला बघितलंही नाही. पण ती खरं बोलली."

शिरू माझ्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होता. मला जे सांगायचं होतं ते मी त्या चार वाक्यांपासून मनात घोळवत होते, पण तोंडातून निघताना ते तुटक तुटकच निघालं.

"त्याची एक आई गेली ते त्याला कळलं नाही. कळण्याआधीच गेली. आता तो मला ओळखतो. नेला तर रडेल, चार दिवस रडेल, आठ दिवस रडेल, मग विसरेल. पण वर्षाने नेला तर विसरणार नाही. मग तो माझ्यासाठी दाराकडे बघत बसेल आणि ती बिचारी त्याच्यापुढे वाटी घेऊन बसेल. दोनदा आई जायला नको त्याची. मला आई म्हणायला लागायच्या आत त्याला जाऊ दे."

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे शालनचं या घरात काहीच राहणार नाही."

मी शिरूला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

दोन दिवसांनी नाचणीला मोड आले. मी पाटा धुवायला गेले तर सासूबाई आधीच पाट्याशी बसलेल्या होत्या. फडकं त्यांनी सोडून घेतलं होतं आणि वाटायला सुरुवात केली होती. वाटलेलं गाळताना म्हणाल्या, "तू फार जाड ठेवतेस. घशाला लागेल त्याच्या. दोनदा गाळायला पाहिजे."

गुरुवारी तांदळाची खीरही त्यांनीच केली. शिरूला नवं झबलं घातलं. शेजारच्या जुबेदाभाभी आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. ह्यांनी त्याला मांडीवर घेतलं, बोटातली अंगठी खिरीत बुडवून त्याच्या ओठाला लावली. शिरूने जीभ बाहेर काढली, ओठ चाटला, क्षणभर विचार केला आणि मग मामाचं बोट दोन्ही हातांनी धरून अंगठीसकट तोंडात ओढलं. सोडेचना. जुबेदाभाभी हसायला लागल्या, मग आम्ही सगळेच हसायला लागलो. शालन गेल्यापासून त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. सासूबाई हसता हसता उठल्या आणि परसात गेल्या. त्यांच्या मागे कोणी गेलं नाही.

"आता तू भरव," ह्यांनी वाटी माझ्यापुढे केली.

"मी नको," मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, मी बायकांपुढे लाजतेय. पण मी ठरवलं होतं. माझं दूध तो प्यायला, तेवढी माझी सवय पुरे होती. खाण्याचीही माझ्याच हातची सवय लागली असती तर तिकडे त्याचे हाल झाले असते. म्हणून सकाळचं सत्त्व सासूबाई भरवायच्या, दुपारचा मऊ भात जुबेदाभाभी येऊन भरवायच्या, संध्याकाळी हे. कधी भाजीवाली आली तर मी तिच्याही हातात चमचा द्यायची. मी चुलीपाशी बसून बघायची. पहिले काही दिवस तो घास तोंडात घेऊन माझ्याकडे वळून बघायचा, मी हसतेय का ते. मी हसायची. मग तो गिळायचा. नंतर त्याने वळून बघणं सोडलं.

मी त्याला एक घासही भरवला नाही.

अंगावरचं तोडणं मात्र मलाच करावं लागलं. ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. आधी दुपारचं बंद केलं, मग संध्याकाळचं. शेवटी कोरफडीचा गर लावला. तो आला, तोंड लावलं आणि झटक्यात मागे झाला. रडला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग परत एकदा लावून बघितलं, त्याला वाटलं असेल, चुकून झालं. परत कडू. तेव्हा रडला. सासूबाईंनी त्याला माझ्याकडून उचलून नेला आणि अंगणात फिरवत, पाखरं दाखवत राहिल्या. त्या दिवसापासून तो त्यांच्यापाशी झोपायला लागला.

त्याचे गाल भरले. हातांना वळ्या पडल्या. नर्सबाईंनी काट्यात घातल्यावर काटा खाली गेला आणि त्या म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" सासूबाई म्हणाल्या, "हो बाई, म्हटलं होतंत."

महिनाभराने दिनकरराव आणि आक्का न्यायला आले. आदल्या दिवशी मुक्कामाला आले होते. सकाळी आक्का वाटीत सत्त्व घेऊन त्याच्यासमोर बसल्या. मी दाराआडून बघत होते. आक्का त्याला जवळजवळ नवख्याच. त्याने त्यांच्याकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत खाल्लं.

"गुणाचं आहे हो पोर," आक्का खूश होऊन म्हणाल्या. "कुणाच्याही हातचं खातंय."

"हो," मी म्हटलं. "कुणाच्याही हातचं खातो."

मी त्याच्या झबल्यांचं बोचकं बांधून दिलं, सत्त्वाचा डबा दिला. कसं शिजवायचं ते आक्कांना सांगितलं. दिनकरराव पुढे आले. त्यांनी खाली वाकून माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी मागे सरकले. "तिला सांगा," मी म्हटलं, "झोपताना कानाची पाळी कुरवाळलेली आवडते त्याला."

हे त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याला घाटात गाडी सावकाश घ्यायला सांगायचं होतं. आक्कांच्या खांद्यावरून शिरू आमच्याकडे बघत होता. रडत नव्हता. फिरायला निघाल्यासारखा हात हलवत होता, कारण टाटा करायला त्याला जुबेदाभाभींनी शिकवलं होतं. मी पण हात हलवला. सासूबाई घरातून बाहेर आल्याच नाहीत.

मला पुढे मूल झालं नाही. ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी नाचणी भिजत घातली असती का, ते मला आजही सांगता येत नाही.

पहिली तीन वर्षं मी आणि सासूबाई मुद्दामच तिकडे गेलो नाही. हे एकटे जाऊन यायचे आणि येऊन सांगायचे, चालतो, बोलतो, शेजारच्या कुत्र्यामागे धावतो. आणखी काही सांगत नसत आणि मीही विचारत नसे. शिरू चार वर्षांचा झाला त्या मे महिन्यात दिनकरराव त्याला आणि त्याच्या आईला घेऊन लांज्याला आले.

तिचं नाव सुमन. उंच, सावळी, हळू बोलणारी. आल्या आल्या ती सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "मला तुमची मुलगीच समजा, असं मी म्हणणार नाही. पण येत जाईन मी, चालेल ना?" सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मग ती माझ्याकडे वळली. शिरू तिच्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून तिच्या मागे उभा होता. भुवया शालनच्याच.

"शिरीष, ही तुझी मामी. जा ना तिच्याकडे," ती म्हणाली.

मी खाली बसले, हात पुढे केला. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. कुठे काही ओळखीचं दिसतंय का ते शोधतो तसं नाही, कोणीही नवीन माणसाकडे बघतं तसं. मग त्याने मान हलवली, निऱ्यांत तोंड लपवलं आणि म्हणाला, "आई, मला उचल."

सुमनने त्याला उचललं. ती ओशाळली होती. "असं काय करतोस रे? अहो, याला सवय झाली की..."

"राहू दे," मी म्हटलं. "नवखं वाटतंय त्याला. होईल ओळख."

तिने त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तिचा हात आपोआप त्याच्या कानाच्या पाळीकडे गेला. तिचं तिला कळलंही नसेल.

मी पाणी आणायला आत आले. हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि तशीच उभी राहिले. सासूबाई मागोमाग आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरात मी सून म्हणून आल्यापासून त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"तुला हवं होतं तसंच झालं गो," त्या म्हणाल्या.

"हो आई," मी म्हटलं. "तसंच झालं."

बाहेर शिरू आपल्या आईला विचारत होता, आपण घरी कधी जायचं.